उंपाकाका

उंपाकाका कुठेही उभे असले तरी त्यांचा उजवा पाय ताल धरून असे. लिफ्टमध्ये, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध घेताना, इकाम्याच्या, म्हणजे निवासी परवान्याच्या, नूतनीकरणाच्या रांगेत, कुठेही. तोंडातल्या तोंडात ते एकच अक्षर म्हणत, ‘उम्’, आणि थांबत. जवळपास लहान मूल असलं तर त्याच्या तोंडून आपोआप ‘पा’ निघे. मग काका पुन्हा ‘उम्’ म्हणत. आमची इरा तेव्हा पाच वर्षांची होती. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची तिची सवय तेव्हापासूनची, पण काकांशी ती या दोन अक्षरांत मनसोक्त बोलायची. हे नाव तिनेच पाडलं आणि कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींत तेच रूढ झालं. त्यांचं खरं नाव मला कळलं ते पुढे त्यांच्या व्हिसाचे कागद भरताना.

ते कुडाळजवळच्या एका गावचे. घरचा लग्नाचा बँड होता. वडील क्लॅरिनेट वाजवत, दोघे भाऊ ट्रम्पेट आणि ढोल, आणि यांच्या वाट्याला लहानपणापासून तो अंगाभोवती वेढा घालणारा अजस्र पितळी कर्णा आला होता. पुस्तकात त्याला ट्यूबा म्हणतात. काका त्याला नुसतं ‘मोठा’ म्हणत. मोठ्याला चाल वाजवायची नसते, खालचा जाड सूर धरून ठेवायचा असतो, उम्-पा, उम्-पा. वरातीत लोक ट्रम्पेटवाल्यावर नोटा उधळत, मोठ्याकडे कुणी बघतही नसे. काकांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, “भुंयेर पाय आमचे. नाचतले ते.” जमीन आम्ही धरायची, वर नाचायचं ते इतरांनी, असा त्याचा अर्थ. पुढे गावोगाव डीजे आले. दोन-तीन मोसम बँड नुसता बसून राहिला, मग भावांनी वाद्यं मोडीत घातली आणि काका पत्र्याचं काम शिकून कुवेतला आले. अम्गऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये ते एसीचे डक्ट बनवत आणि मिरकाबमध्ये एका जुन्या इमारतीत कोकणातल्याच इतर कामगारांबरोबर खोलीत राहत.

मी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनिअर. आमच्याकडे कॉम्प्रेसर बसवायला आलेल्या जर्मन लोकांनी एकदा आम्हाला शहरातल्या एका हॉटेलात नेलं. तिथे दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर जर्मन बिअरमेळा भरे. मेळा बिअरचा, आणि देश असा की बिअरचा थेंब बाळगणं गुन्हा. तरी हॉटेलने सगळं हुबेहूब मांडलं होतं. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची कापडं, लांबच लांब बाक, हंड्याएवढे वाटणारे काचेचे मग आणि त्यांत फेस येणारं माल्टचं बिनमद्याचं पेय. गाठ मारलेले खारे पाव होते, भाजलेली कोंबडी होती, डुकराच्या जागी वासराच्या मांसाचे सॉसेज होते. हॉटेलच्या मॅनेजरने लाकडी हातोड्याने पिंपाला नळ ठोकून मेळ्याचं उद्घाटन केलं. पिंपात माल्टच होतं, पण टाळ्या खऱ्या पडल्या.

मंचावर चौघांचा बँड होता. मध्ये अकॉर्डियन घेतलेला पांढऱ्या मिशांचा जर्मन म्हातारा, दोन फिलिपिनो, आणि कडेला चामड्याची अर्धी चड्डी, खांद्यावरून पट्टे आणि पिसाची टोपी घातलेला एक सावळा माणूस त्या प्रचंड कर्ण्यामागे अर्धा लपलेला. चड्डीखालून दिसणाऱ्या त्याच्या काटकुळ्या पायांकडे बघून माझा नवरा मंदार मला म्हणाला, “हे पाय मला ओळखीचे वाटतात. कोकणातले असणार.” गाणं संपल्यावर तो माणूस खाली उतरून थेट आमच्या टेबलाशी आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “पाय कुडाळचे असत. चड्डी तेवढी जर्मन.”

त्या म्हाताऱ्याचं नाव हान्स. बायर्नमधल्या, म्हणजे बव्हेरियातल्या, एका लहान गावचा. पूर्वी तो आपला अख्खा बँड घेऊन कुवेतला येई. नंतर हॉटेलने खर्चाला कात्री लावली, तेव्हा तो एकटाच अकॉर्डियन आणि एक जुना ट्यूबा घेऊन आला, इथे वाजवणारा कुणीतरी मिळेल या भरवशावर. कुणी मिळत नव्हतं. हॉटेलच्या मुदपाकखान्यात काका डक्ट बसवायला गेले होते. बाजूच्या हॉलमधून त्यांना तालीम ऐकू आली. वरचे सगळे सूर आहेत आणि खाली जमीनच नाही, असं ते वाजवणं होतं. काका हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवून आत गेले. हान्सला हिंदी येत नव्हती, काकांना इंग्रजी बेताची. त्यांनी कोपऱ्यातल्या कर्ण्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. त्या दिवशी डक्टचं काम अर्धवट राहिलं, एवढंच मला त्यांच्या फोरमनकडून पुढे कळलं.

मेळा संपला की हान्स मायदेशी जाई आणि ट्यूबा काकांपाशी ठेवून जाई. मिरकाबच्या खोलीत तो वाजवणं शक्य नव्हतं. शुक्रवारी सुट्टीला काका अम्गऱ्याला जात. वर्कशॉपच्या आवारात तयार डक्टची थप्पी असे, तिच्या आडोशाला बसून ते सराव करत. एकदा आम्ही इराला घेऊन बघायला गेलो. भोवती भंगाराचे ढीग, वर पांढरं पडलेलं आभाळ, आणि पत्र्याच्या त्या पोकळ बोगद्यांतून काकांचा सूर घुमत होता. पठाण वॉचमनने आमच्यासाठी खुर्च्या आणल्या आणि स्वतः डोळे मिटून भिंतीला टेकून बसला. वाजवून झाल्यावर काका ओठ पुसत म्हणाले की गावात बँड मोडला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्या श्वासाचं आता काम उरलं नाही.

मेळ्यात दोन गाण्यांच्या मध्ये काका टेबलांमधून फिरत आणि नवख्यांना रीत शिकवत. काचेचा मग त्याचा कान पकडून उचलायचा, बोटं काचेला लागू द्यायची नाहीत. पेला पेल्यावर आपटताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. अनोळखी माणसाशेजारी बसायचं, कारण तिथे राखीव खुर्ची नसते, बाक सगळ्यांचा. गाणं लागलं की शेजारच्याच्या हातात हात अडकवून डुलायचं. हे शेवटचं शिकवताना ते जरा आवाज खाली आणत, कारण इथे फार डुललं की हॉटेलचा माणूस येऊन नम्रपणे बसायला सांगे. तिकडे मात्र लोक बाकांवर उभे राहतात, असं ते सांगत. आजीबाईसुद्धा उभ्या राहतात. सगळं हान्सकडून ऐकलेलं, पण सांगत अशा थाटात की जणू कालच परत आले आहेत. कुणी विचारलं, तुम्ही गेला आहात का, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “ही रंगीत तालीम. खरो प्रयोग थंय.”

हान्सने त्यांना शब्द दिला होता. माझ्या गावच्या मेळ्यात, माझ्या तंबूत, माझ्या बँडबरोबर एकदा तू वाजवायचंस. त्याने निमंत्रण पाठवलं, राहायची सोय लिहून दिली, तिकीटही काढायला तयार झाला. पण पत्र्याचं काम करणारा कंत्राटी माणूस, पगार इवलासा, घरदार दुसऱ्या देशात. तो जर्मनीला जाऊन परत येईल यावर व्हिसाच्या खिडकीतल्या बाईचा विश्वास बसेना. दोनदा नकार आला. दर वेळी काका आमच्याकडे येऊन बातमी देत आणि वर म्हणत की बरं झालं, सराव अजून कच्चा आहे. तिसऱ्या वेळी सगळे कागद मी जमवून दिले. त्या उन्हाळ्यात पासपोर्टवर शिक्का बसला. त्या दिवशी ते मिठाई घेऊन आले होते. एक तुकडा इराच्या हातावर ठेवत त्यांनी तिला विचारलं, तिकडच्या लोकांना मी काळा वाटेन का. इरा तोवर मोठी झाली होती. ती इंग्रजीत म्हणाली की ट्यूबामागे कुणी कुणाला दिसत नाही. ते मनापासून हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अम्गऱ्याला अपघात झाला. क्रेनने उचललेल्या डक्टचा पट्टा सटकला आणि कोपरा काकांच्या तोंडावर आला. जीव वाचला. समोरचे वरचे दात गेले, वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. कंपनीने टाके घालून घेतले, दात बसवून दिले, त्यात काही कुचराई केली नाही. मी मिरकाबला भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर बसून चहा पीत होते आणि चहा हनुवटीवरून गळत होता. त्यांना ते कळत नव्हतं. ओठ पूर्ण बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, संवेदना येईल कदाचित, वेळ लागेल. पितळी वाद्याचा सूर फुंकरीतून निघत नाही, ओठांच्या थरथरीतून निघतो, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी उशीखालून ट्यूबाचं माउथपीस काढलं, तोंडाला लावलं, आणि मला बघायला सांगितलं. फुस्स असा आवाज आला. रोज शंभरदा करतो, ते म्हणाले. एक दिवस ओठ सूर पकडेल.

हान्सला कळवा, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्याचं वय झालंय, तो समजून घेईल, फार तर वाजवू नका, पाहुणे म्हणून जा. ते ऐकून घेत होते. मग पासपोर्ट हातात घेऊन तो शिक्का अंगठ्याने चोळत म्हणाले, “ताई, कळवलंय तर तो म्हणतलो, बरो हो, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी ही बाई माका शिक्को देतली?”

 मेळ्यापर्यंत ओठ सूर पकडेल या आशेवर, हान्सला न कळवताच, ते जर्मनीला गेले.

आल्यावर ते थेट आमच्याकडे जेवायला आले. इरासाठी त्यांनी रिबिनीत ओवलेलं मोठं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं बिस्किट आणलं होतं, त्यावर साखरेच्या पाकाने काहीतरी जर्मन लिहिलेलं. मेळ्यात मुलं-माणसं ते गळ्यात घालून हिंडतात म्हणे. इराने ते खोलीत टांगलं. पुढे त्याला मुंग्या लागल्या. जेवताना काका मेळ्याचं वर्णन भरभरून करत होते. हत्तीएवढे घोडे, त्यांच्या मानेवर घुंगरांचे पट्टे, मागे पिंपांनी भरलेली गाडी. सबंध गाव त्यांच्या मागे चालतं. बाबागाडीतली पोरं, आकाशपाळणा, नेमबाजीची दुकानं, झालरीचे अप्रन बांधलेल्या बाया दोन्ही हातांत मावतील तेवढे मग घेऊन गर्दीतून धावतात आणि एक थेंब सांडत नाही. तंबूत हजार माणसं, आणि अनोळखी माणूस आला की बाकावरचे सगळे न सांगता सरकतात. “आमच्या जत्रेसारखाच,” ते म्हणाले. “फक्त देव नाय दिसलो.” आम्ही हसलो. मंदारने विचारलं, आणि वाजवणं कसं झालं.

काकांनी भात कालवायचा थांबवला.

दुसऱ्या संध्याकाळी हान्सने त्यांना मंचावर बोलावलं होतं. माझा कुवेतचा मित्र, भारतातला, असं काहीतरी सांगितलं असावं, कारण सगळा तंबू टाळ्या वाजवायला लागला. त्यांच्या गळ्यात चकचकीत नवा ट्यूबा घातला. गाणं रोजचंच होतं, झोपेत वाजवतील असं. हान्सने मान हलवली आणि काकांनी फुंकलं. नुसता वारा निघाला. त्यांनी ओठ आवळला, पण आवळला की नाही तेच त्यांना कळेना. पुन्हा वारा. गाल फुगवून फुगवून ते फुंकत राहिले. लोकांना वाटलं, हा गमत्या माणूस आहे, सोंग करतोय. लोक हसायला लागले, बाकांवर उभे राहून टाळ्या देऊ लागले. बँडमधल्या दुसऱ्या ट्यूबावाल्याने खालचा सूर धरला आणि गाणं पार पडलं. एका लठ्ठ गृहस्थाने वर येऊन काकांना मिठी मारली आणि भरलेला मग हातात दिला. इतकी वर्षं जिच्या नावाने माल्ट पाजलं ती खरी बिअर. काकांनी ती तोंडाला लावली आणि निम्मी शर्टावर सांडली. त्यावर तर तंबू डोक्यावर घेतला लोकांनी.

“लोक बरे होते, ताई,” काका म्हणाले. “कोण वायट वागलो नाय. तोच तरास झालो.”

हान्सला पहिल्याच ओळीला कळलं होतं. अकॉर्डियन वाजवता वाजवता तो काकांच्या ओठाकडे बघत होता, पण त्याने वाजवणं थांबवलं नाही. खाली उतरल्यावर त्याने आपला रुमाल काढून काकांचा शर्ट पुसला. का लपवलंस, असं विचारलं नाही. पुढचे दिवस त्यांनी घोडे बघितले, आकाशपाळण्यात बसले. निघताना विमानतळावर हान्स म्हणाला की आता कुवेतला येणं त्याला झेपणार नाही, गुडघे गेले. जुना ट्यूबा तुझ्याकडेच राहू दे, म्हणाला.

ओठाने सूर पकडला नाही. त्या वर्षी हॉटेलने बँडच बंद केला आणि स्पीकरवर गाणी लावायची ठरवलं. काका सुटले असं मला वाटलं होतं. पण मॅनेजरने त्यांना बोलावून घेतलं. पाहुण्यांना फोटो हवे असतात, तुम्ही तो पोशाख घालून, ट्यूबा घेऊन दारात उभे राहा, गाणं वाजेल तेव्हा गाल फुगवा, बस. आणि काकांनी ते कबूल केलं. आम्ही गेलो तेव्हा ते चौकड्यांच्या पडद्यापुढे उभे होते. स्पीकरमधून बँड वाजत होता आणि ते त्यावर गाल फुगवत होते, बोटांनी कळा दाबत होते. बोटं अगदी बरोबर पडत होती. कुवेती कुटुंबं, आपली मंडळी, फिलिपिनो नर्सेस, सगळे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होते. इरा तेरा वर्षांची झाली होती. ती माझ्या मागे सरकली आणि घरी चला म्हणाली, चक्क मराठीत.

मी मात्र जवळ गेले. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. हे कशाला करता, असं मी विचारलं. काकांनी माउथपीसवरचं तोंड काढलं, नीट पुसलं.

“फोटोत आवाज खंय येता, ताई,” ते म्हणाले. मागे रांग लागली होती. मी बाजूला झाले.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने कंत्राट वाढवलं नाही. सामान फार नव्हतं. ट्यूबा विमानातून नेणं परवडण्यासारखं नव्हतं, शिवाय नेऊन करायचं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. हॉटेलने तो मागून घेतला आणि जेवणघराच्या भिंतीवर लावला. आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मंदारने गावी काय करणार विचारलं, तर म्हणाले, भावाची बाग आहे, बघू.

मागच्या डिसेंबरात आम्ही रजेवर असताना त्यांच्या गावी गेलो. घराला रंग नवा होता, कारण पुतण्याचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं. डीजे खुद्द कणकवलीहून आणला होता, असं त्यांच्या भावाने कौतुकाने सांगितलं. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. केस पार पांढरे झाले होते. पाय मला दिसत होते, दोन्ही स्थिर होते. काकी म्हणाल्या, हल्ली हे कोणाशी बोलत नाहीत, तुमच्याशी काय बोलतील ते बघा.

मी हान्सची चौकशी केली. तो नोव्हेंबरात गेला होता. त्याच्या मुलीने काकांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला होता, तो त्यांनी मला दाखवला. बर्फ पडलेली छोटीशी दफनभूमी, काळे कोट घातलेली माणसं, आणि हान्सच्या बँडची तीच मंडळी टोप्या काढून संथ काहीतरी वाजवत होती. वाऱ्याने आवाज मध्ये मध्ये तुटत होता. आम्ही तो पूर्ण बघितला. काकांनी परत पहिल्यापासून लावला. दुसऱ्यांदा बघताना खालचा सूर शोधत त्यांनी फोन कानाजवळ नेला.

“मोठो कमी पडलो,” ते म्हणाले.  मग त्यांनी फोन पालथा ठेवला आणि काकींना सोलकढी आणायला सांगितली.

आम्ही सोलकढी प्यायलो. काकांची वाटी काकींनी धरली होती. कुवेतच्या गप्पा निघाल्या, उष्मा, भाडी, नवे रस्ते, आणि संपल्या. निघताना ते बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, आले. इरा खाली वाकून त्यांच्या पाया पडली, ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. कोकणात दारात आलेल्या माणसाला ‘परत येवा’ म्हटल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. काकी म्हणाल्या, भाऊ म्हणाला, शेजारची बाईसुद्धा कुंपणापलीकडून म्हणाली. गाडी वळेपर्यंत मी काच खाली ठेवून बघत होते. काका काही म्हणाले नाहीत.